बोटभर उजवीकडे

आमच्या लॅबच्या सरांना एक सवय होती. कुणाचं स्केच पूर्ण झालं की ते मागून येऊन उभे राहत, वाकून त्याचाच माउस हातात घेत आणि स्क्रीनवरच्या चित्राचा एखादा कोपरा धरून ओढत. चित्र हललं की म्हणत, "डुलतंय." एवढंच म्हणत आणि पुढच्या खुर्चीकडे जात.

ज्यांनी यंत्रांची चित्रं काढायचं हे सॉफ्टवेअर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्यात आपण काही काढायच्या आधीपासूनच तीन सपाट पातळ्या मांडून ठेवलेल्या असतात. त्यांना प्लेन म्हणतात. एक जमिनीसारखं आडवं, एक समोरच्या भिंतीसारखं उभं, आणि एक चित्राला बरोबर मधोमध चिरणारं. आपण रेघ ओढली की ती आधी निळी दिसते. निळी म्हणजे अजून मोकळी, ओढली की सरकणारी. तिची लांबी सांगायची, ती त्या प्लेनपासून किती अंतरावर आहे हे सांगायचं, म्हणजे तिला बांधून टाकायचं. सगळं बांधून झालं की रेघ काळी होते. मग कितीही ओढा, हलत नाही.

माझी स्केचं डुलायची. तिची डुलायची नाहीत.

ती म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण. मेकॅनिकलच्या आमच्या वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यामुळे मैत्री करायची की नाही हा प्रश्न कधी आलाच नाही. मी हे तिच्याबद्दल वाईट सांगायला लिहीत नाही. वाईट सांगण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, आणि माझी अडचण तीच होती.

ती परभणीचीच. वडील एका सरकारी कार्यालयात क्लार्क, आई शिक्षिका. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप होता, त्यामुळे तिचं स्केच घरीही काळं व्हायचं. माझं फक्त लॅबच्या दोन तासांत व्हायचं, तेही त्या दिवशी लाइट असली तर. पण खरं सांगायचं तर लॅपटॉपचं मला तितकं वाटत नव्हतं. संध्याकाळी तिचे वडील स्कूटर घेऊन गेटवर थांबायचे आणि ती मागे बसायच्या आधीच विचारायचे, "काय गं, असेंब्ली झाली का?" असेंब्ली म्हणजे सुटे काढलेले भाग स्क्रीनवर एकत्र जोडणं, हे त्यांना माहीत होतं. माझे अप्पा फोनवर विचारायचे, "कम्प्युटर चालू हाय ना?" मी हो म्हणायचे. त्यांना तेवढ्यानं बरं वाटायचं. मलाही वाटायचं, पण गेटवर ती स्कूटर दिसली की ते बरं वाटणं कुठंतरी जायचं.

आमचं गाव बोरीपासून थोडं आत. मी हॉस्टेलवर राहायचे आणि शनिवारी जिंतूरच्या एसटीनं बोरीला उतरून पुढे ऑटोनं घरी जायचे. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. म्हणून मला कशाचीच खात्री नसायची. वर्गात हात वर करायच्या आधी मी प्रश्न मनात तीनदा म्हणून बघायचे, तोवर कुणीतरी विचारून टाकायचं. बहुतेक वेळा तीच.

पाचव्या सेमिस्टरला सरांनी सांगितलं की प्रत्येकानं शेतात वापरायचं एखादं अवजार मोजून त्याचं पूर्ण मॉडेल करायचं. शेवटी अवजारं बनवणारे एक कारखानदार बघायला येणार होते. त्यांचं परभणीतच वर्कशॉप होतं. ज्याचं मॉडेल त्यांना पटेल त्याला हिवाळी सुट्टीत महिनाभर त्यांच्याकडे कामाला घेणार. एकालाच.

मला ती जागा हवी होती. इतकी की त्याच संध्याकाळी मी घरी फोन करून आईला सांगून टाकलं, "मलाच घेतील बहुतेक." का सांगितलं कोण जाणे. मी एरवी कधीच असं बोलत नाही. पण अवजार म्हटल्यावर मला वाटलं, हे तर माझ्या घरचं आहे. इथं तरी कुणाच्या लॅपटॉपचं काही चालायचं नाही. आईनं ते शेजारच्या तीन घरी सांगितलं.

मी सायकल-कोळपं निवडलं. आमच्याकडे पिकाच्या दोन ओळींमधलं गवत काढायला ते वापरतात. जुन्या सायकलचं पुढचं चाक आणि ते धरणारा चिमटा, मागे लांब दांडा, त्याला दोन मुठी, आणि खाली मातीत चालणारं आडवं पातं. त्या पात्याला पास म्हणतात. आमच्या घरचं कोळपं माझ्याच सायकलचं आहे. बोरीच्या शाळेत मी ज्या सायकलवर जायचे तिचं चाक. मी कॉलेजला आले त्या वर्षी अप्पांनी ती बोरीच्या वेल्डरकडे नेऊन कापून घेतली आणि आई तेव्हापासून त्यानंच सोयाबीन कोळपते.

मी हे मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, भारीच की! मीपण तेच करू का? मी गिरणीचं करणार होते, पण ते काही अवजार नाही म्हणाले सर. तुझ्या गावी येऊन मोजते ना."

नको म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते मनात तीनदा म्हणून बघितलं. तोवर तिनं सरांना विचारलंसुद्धा. सर म्हणाले, "करा दोघी. एकच वस्तू दोघींनी काढली तर फरक कळेल."

श्रावणातल्या एका रविवारी ती आमच्या घरी आली. पाऊस दोन दिवस उघडला होता आणि सोयाबीन गुडघ्याच्या खाली होतं. आई तिला बघून इतकी खूश झाली की मला जरा लाजच वाटली.

"ये बाई, ये. लय लांबून आलीस."

"काकू, परभणीहूनच आलेय."

"मंग, जवळ हाय का? आमच्या हिला इचार, दर शनिवारी आली की नुसती झोपती."

कोळपं अंगणात भिंतीला टेकवलेलं होतं. मैत्रिणीनं टेप काढला, मी वही घेतली. चाक चोवीस इंची. पास नऊ इंच. ती एकेक माप सांगत होती, मी लिहीत होते. पास मोजताना ती थांबली. चाकाच्या रेषेपासून डाव्या टोकापर्यंत पावणेचार इंच भरत होते आणि उजव्या टोकापर्यंत सव्वापाच.

"हे मधोमध नाहीये," ती म्हणाली.

"वेल्डरनं घाईत लावलं असेल," मी म्हणाले. "बोरीचा आहे, गडबडीतच असतो तो."

तिनं मान हलवली, पण ती तिथंच बघत राहिली. मी चहा ठेवायला आत गेले.

आमच्या चुलीच्या वर एक लहान खिडकी आहे. तिच्यातून मागचं शेत दिसतं. मी साखर टाकत होते आणि बाहेर बघितलं तर मैत्रिणीनं चपला काढल्या होत्या, सलवार वर खोचली होती आणि ती सोयाबीनच्या ओळीत कोळपं ढकलत होती. आई तिच्या मागं मागं चालत होती.

"दाबू नगं बाई, दाबू नगं! कोळपं हाय, नांगर न्हाई."

"काकू, हे उजवीकडं पळतंय!"

"पळणारच. आण हिकडं."

मग आईनं मुठी धरल्या आणि कोळपं ओळीतून सरळ गेलं. मैत्रीण काहीतरी म्हणाली, आई हसली, हात पुढं करून तिला काहीतरी दाखवलं. शेजारच्या शेतातली मोटार चालू होती, त्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही. दोघी बराच वेळ डोकी जवळ घेऊन उभ्या होत्या.

चहा उतू गेला.

मला आईनं कधी कोळप्याला हात लावू दिला नव्हता. नववीत असताना मी आधीच्या, बैलाच्या कोळप्यामागं एकदा गेले होते तर तिनं मला बांधावरून हाकललं होतं. "तुजे हात पेनाचे हायत. जा, वाच जा." मी वाचत गेले आणि इथवर आले. आणि आता तिच्या मागं दुसरीच कुणाची तरी मुलगी पायाला माती लावून चालत होती आणि आई तिला शिकवत होती. मला चहाचं भांडं आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. परत दूध टाकलं.

निघताना आईनं तिच्या पिशवीत मुगाच्या शेंगा भरल्या. माझ्याही भरल्या, पण तिच्या जास्त. मी बघितलं.

"लय गुणाची लेक हाय," आई माझ्या कानात म्हणाली. "सगळं इचारती."

परतीच्या एसटीत मैत्रीण खिडकीपाशी बसली होती. जरा वेळानं माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझी आई ना, खरंच... मला माहीतच नव्हतं, त्यांच्या..."

"मला झोप येतेय गं," मी म्हणाले आणि डोळे मिटले.

मला झोप येत नव्हती. माझ्या आईबद्दल तिच्या तोंडून काही ऐकायचं नव्हतं, इतकंच. तिनं परत विषय काढला नाही. तिला वाटलं असेल, हिला सगळं माहीतच असणार, हिचीच आई.

सप्टेंबरमध्ये सरांनी मधली तपासणी केली. माझं कोळपं स्क्रीनवर उभं होतं आणि मला ते फार आवडत होतं. चाकाचे आरेसुद्धा मी काढले होते. सर आले, माउस घेतला, पण ओढलं नाही. त्यांनी चाकाच्या मापावर दोनदा क्लिक केलं आणि चोवीसचं वीस केलं.

"गावात सगळ्यांकडे चोवीसचीच सायकल असते का?" ते म्हणाले. "बघू काय होतं."

चाक लहान झालं. चिमटा त्याच्याबरोबर खाली आला. दांडा वाकडा होऊन चिमट्यातून आरपार गेला. आणि पास, जी मातीत असायला पाहिजे, ती एका कडेला हवेत जाऊन थांबली. मागच्या बाकावरच्या मुलांपैकी कुणीतरी म्हणालं, "ड्रोन झालं की!" आणि सगळे हसले.

"तू काय केलंयस कळलं का?" सर म्हणाले. ते रागावले नव्हते. "चिमटा चाकाला बांधलास. दांडा चिमट्याला बांधलास. पास दांड्याला. एकीनं दुसरीचा पदर धरावा तसं. पहिली सरकली की सगळ्या गेल्या. अगं, पास कुठं असते?"

"जमिनीत, सर."

"मग तिला जमिनीलाच बांध ना. हे आडवं प्लेन जमीन धर. हे उभं प्लेन कोळप्याचा मध्य धर. जे काही मोजशील ते यांच्यापासून मोज. ते हलत नाहीत."

मग त्यांनी शेजारी मैत्रिणीच्या चाकाचं माप बदललं. चोवीसचं वीस. तिचं कोळपं लहान झालं, खाली बसलं आणि पास जिथं होती तिथंच मातीत राहिली. मागून कुणी हसलं नाही.

"मी दाखवू का तुला?" सर गेल्यावर तिनं हळूच विचारलं. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"जमेल मला."

जमलं, पण अर्ध्या तासात नाही. तीन आठवडे लागले. मी सगळं पुसलं आणि पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. हेही लिहून टाकते की त्यातलं निम्मं मी तिच्या स्क्रीनकडे तिरक्या नजरेनं बघून शिकले. मला दिसावं म्हणून ती स्क्रीन जरा माझ्याकडे वळवून ठेवायची. ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि त्याचाही मला राग यायचा.

पास काढायची वेळ आली तेव्हा मी वही उघडली. पावणेचार आणि सव्वापाच. माझ्याच अक्षरात. वेल्डरची चूक मी कशाला काढत बसू, असं मला वाटलं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. दोन टोकं निवडायची, मधलं प्लेन निवडायचं आणि सांगायचं की ही दोन्ही याच्यापासून सारख्याच अंतरावर राहतील. मी तेच केलं. साडेचार इकडे, साडेचार तिकडे. रेघ लगेच काळी झाली. मी माउसनं तिला ओढून बघितलं, सर ओढतात तशी. हलली नाही. मी स्वतःशीच हसले. बोरीच्या वेल्डरला जे जमलं नाही ते मी केलं होतं.

दिवाळीनंतर कारखानदार आले. वयानं मोठे, पांढरा शर्ट, खिशात स्टीलची लहान पट्टी. ते पहिल्या बाकावर बसले आणि एकेकाचं मॉडेल बघत गेले. बहुतेकांची डुलली. माझी पाळी आली तेव्हा सरांनी ओढून बघितलं, चाक बदललं, दांडा वाढवला. काहीच डुललं नाही. कारखानदारांनी विचारलं, "पास मधोमध आहे?"

"हो सर. बरोबर मधोमध."

"छान," ते म्हणाले. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्या क्षणी मला वाटलं, झालं. आईनं शेजारी सांगितलं ते खरं झालं.

माझ्यानंतर ती. तिचंही काही डुललं नाही. मग तिनं पाशीवर क्लिक केलं आणि म्हणाली, "सर, पास मी मुद्दाम मधोमध ठेवलेली नाही. मधल्या प्लेनपासून ती एकोणीस मिलिमीटर उजवीकडे आहे. या मापाला मी वेगळं नाव दिलंय. ज्याचे दोन्ही हात सारखे चालतात त्याच्यासाठी इथं शून्य टाकायचं."

"उजवीकडे कशासाठी?" कारखानदारांनी विचारलं.

"हे कोळपं ज्या चालवतात त्यांचं डावं मनगट मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. डाव्या हातात जोर नाही. पास मधोमध असली की उजवा हात जास्त ढकलतो, कोळपं डावीकडे जातं आणि त्या बाजूची सोयाबीन कापली जाते. म्हणून त्यांनी वेल्डरकडे परत जाऊन पास बोटभर उजवीकडे घ्यायला लावली. आता ते त्यांच्या हातात सरळ चालतं. मी ढकललं तर उजवीकडे गेलं, तेव्हा मला कळलं."

कारखानदार उठून स्क्रीनजवळ गेले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. हिच्या आईनं."

तिनं माझ्याकडे हात केला. मोकळ्या मनानं केला, माझं नाव व्हावं म्हणून. सगळा वर्ग वळून बघायला लागला.

मी बसले होते आणि माझ्या आईचा हात मोडला होता हे मला तेव्हा कळत होतं. एका स्क्रीनवरून. ड्रोन म्हणणाऱ्या मुलांबरोबर.

"तुझ्या आईचं आहे?" सर मला म्हणाले. "मग तुझ्या मॉडेलमध्ये हे का नाही?"

मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणणं सोपं होतं. पण त्या वेळी मला वाटलं की यापेक्षा मोठी लाज नाही.

"माहीत होतं, सर," मी म्हणाले. "पण... मी साधं ठेवलं."

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. एसटीत मी डोळे मिटले होते ते तिला आठवलं असणार. तिनं आपली फाइल बंद केली आणि जागेवर येऊन बसली. ती जागा तिला मिळाली. मिळायलाच हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्यानं जळणं कमी होत नाही. उलट ती लबाडीनं जिंकली असती तर मला जास्त बरं झोपता आलं असतं.

त्या शनिवारी घरी गेले. आई अंगणात तूर निवडत होती.

"घेतलं का गं तुला?"

"नाही. तिला घेतलं."

"परभणीवालीला?" आईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "असू दे. ती बी गुणाची हाय."

मी तिच्यासमोर बसले. "माय, हात दाखव."

"कामून?"

"दाखव की."

तिनं उजवा पुढे केला. मी डावा ओढून घेतला. बांगड्या वर सरकवल्या. मनगटाच्या हाडावर एक उंचवटा होता आणि तळहात जरासा बाहेरच्या बाजूला वळलेला. हा हात मी रोज बघत होते. याच हातानं तिनं माझ्या पिशवीत शेंगा भरल्या होत्या. मी बारावीची परीक्षा देऊन जिंतूरहून, मावशीच्या घरून परत आले तेव्हा त्याला फडकं बांधलेलं होतं आणि ती म्हणाली होती, मुरगळला. घागर तेव्हापासून ती उजव्या कडेवर घेते. मी तेही बघितलं होतं.

"मोडला होता ना?"

"मोडला तर मोडला. हातच मोडला हुता, मान न्हाई." ती हात सोडवायला लागली. "हिरीवर घसरले. तुजे पेपर चालू हुते. सांगितलं असतं तर तू पेपर सोडून आली असतीस."

"आणि नंतर?"

"नंतर काय? जुळला की. नंतर सांगून काय करायचं हुतं?"

"तिला सांगितलंस."

"तिला सांगायला काय झालं? तिचे कुठं पेपर हुते!"

ती हे अगदी सहज म्हणाली आणि सूप उचलून परत तूर निवडायला लागली. मला रडू येत होतं आणि हसूही. दोन्ही आवरून मी उठले, भिंतीला टेकलेलं कोळपं घेतलं आणि मागच्या मोकळ्या शेतात गेले. आईनं मागून हाक मारली, "अगं, ते कशाला?" पण परत ये म्हणाली नाही. मी ढकललं. चार पावलं गेलं आणि उजवीकडे वळलं. परत सरळ केलं, परत उजवीकडे. माझ्या दोन्ही हातांत सारखा जोर होता, म्हणून ते माझ्या हातात चालत नव्हतं. मी शेताच्या टोकापर्यंत तसंच वेडंवाकडं नेलं आणि आणलं.

सोमवारी लॅबमध्ये मी माझी फाइल उघडली. गुण देऊन झाले होते, कुणी बघणार नव्हतं. पाशीवरचं ते सारख्या अंतराचं बंधन काढून टाकलं. रेघ निळी झाली. मी मधल्या प्लेनपासून डावीकडे पावणेचार टाकले, उजवीकडे सव्वापाच. काळी झाली. सरांना कळावं असं मला एकदा वाटलं, की मला माहीत नव्हतं, मी खोटं बोलले. अजून सांगितलेलं नाही. इथं लिहिते आहे.

डिसेंबरमध्ये सुट्टी लागली. ती वर्कशॉपला जायला लागली, मी घरी आले. एके दिवशी सकाळी तिचा फोन.

"ऐक ना, आम्ही कोळप्याचा नमुना बनवतोय. मुठी किती उंचीवर हव्यात ते ठरत नाहीये. काकू चालवताना हात जमिनीपासून किती वर असतात? जरा काकूंना फोन देतेस? मी विचारते."

"ती शेतात आहे," मी म्हणाले. "मी मोजून कळवते."

आई हरभऱ्यात होती. मी टेप घेऊन गेले. तिला कोळप्याच्या मुठी धरून उभं राहायला सांगितलं.

"शिवायला टाकायलीस का काय मला?" ती म्हणाली. "पोलकं कसलं हाय?"

"हलू नको."

मी खाली बसले आणि अडले. आमची जमीन काही स्क्रीनवरच्या प्लेनसारखी नाही. सरीत खोल, वरंब्यावर उंच, मध्ये ढेकळं. टेपचं टोक कुठं टेकवायचं? दोन इंचांचा फरक पडत होता.

"माय, जमीन कुठून धरू?"

तिनं खाली माझ्याकडे बघितलं. मग पाय जरा उचलून टाच परत मातीत दाबली. "मी हितं उभी हाय न्हवं? हितून धर."

मी तिच्या टाचेपासून मोजलं. उजवी मूठ छत्तीस इंच. टेप गुंडाळणार होते, पण या वेळी थांबले आणि डावीही मोजली. साडेसदतीस. वर बघितलं तर डाव्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केलेली होती आणि आईचा हात तिच्यावर वरून टेकलेला होता, आवळलेला नव्हता.

"ही मूठ वर का?"

"खाली असली की मनगट दुमडावं लागतं. दुमडलं की कळ येती. तुज्या बापाला सांगून वर करून घेतली." तिनं बोटानं ट्यूब चाचपली. "आवळताबी येत न्हाई नीट. म्हणून ट्यूब."

"हे तिला सांगितलं होतंस?"

"तिनं पाशीचंच इचारलं."

मी ते दोन आकडे आणि ट्यूबची जाडी वहीत लिहून घेतली. बांधावर बसले. मोबाइल हातातच होता आणि रेंजही होती. मैत्रीण वाट बघत असणार, वर्कशॉपमधलं काम अडलं असणार, हे मला माहीत होतं. तरी मी पाठवलं नाही. आईबरोबर हरभऱ्याच्या दोन ओळी झाल्या, ती कोळप्यानं, मी खुरप्यानं, भाकरी खाल्ली, पाणी प्यायले. एवढा वेळ ते साडेसदतीस इंच आईकडे आणि माझ्याकडेच होते. हे चांगलं नव्हतं, पण तेवढं मी केलं.

दुपारी दोनला सगळं पाठवलं. डावी वर का, आवळता का येत नाही, तेही नीट लिहिलं. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं, "अगं, हे मला काकूंनी सांगितलंच नव्हतं."

मी ते वाचलं. मोबाइल मांडीवर ठेवला, परत काढून पुन्हा एकदा वाचलं. मग उठले आणि खुरपं घेऊन आईच्या पुढच्या ओळीला लागले.